सातव्या गाण्याला बंद होणारा भोंगा

नामदेवभाऊंचा फोन आला तेव्हा मी नुकताच शाळेतून येऊन पायातले मोजे काढत होतो. नामदेवभाऊ म्हणजे रिठदला माझ्या बहिणीच्या मळ्याला लागून ज्यांचं वावर आहे ते. त्यांचा फोन मला वर्षातून दोन-तीनदा यायचा आणि तक्रार दरवेळी एकच असायची, की तुमच्या जवायाले सांगा, तो भोंगा जरा हळू लावा म्हणा. त्यामुळे फोन उचलतानाच मी ‘सांगतो, सांगतो’ म्हणायच्या तयारीत होतो. तिकडून ते म्हणाले, ‘‘गुर्जी, आज भोंगा वाजला नाई.’’ मी म्हटलं, ‘‘मग बरंच झालं की.’’ ते म्हणाले, ‘‘नाई ना. दिवस बुडाले आला, रोही बांधावर येऊन उभे हायेत, अन् भोंगा नाई. म्हून मीच पाहाले गेलो. तुमी या. घरच्यायले संगं घेऊन या.’’

भाऊजी टिनाच्या शेडात, रिकाम्या कॅरेटच्या थप्पीला पाठ लावून बसलेले सापडले होते. भोंग्याचं मशीन हाताजवळच होतं, बटण दाबायचं तेवढं राहून गेलं होतं. डॉक्टरांनी हृदय म्हटलं. वाशिमहून रिठद काही लांब नाही, पण त्या संध्याकाळी रस्ता संपता संपेना, आणि मळ्याच्या फाटकाशी उतरल्यावर माझ्या लक्षात आलं की इथली शांतता मी आजवर ऐकलेलीच नाही. माझी बहीण, सुमनताई, घराच्या ओट्यावर बसली होती. रडून झालं होतं की व्हायचं होतं, कळत नव्हतं. मला पाहून म्हणाली, ‘‘आधी कुंपनाचं झटका मशीन बंद हाय काय पाह्य बरं. लोकं येतीन, कोनाले करंट लागंन.’’

या गोष्टीला आता काही आठवडे होऊन गेले. मधुकर भाऊजींवर काहीतरी लिही असं दोघा-तिघांनी सुचवलं तेव्हा मी आधी हो म्हटलं आणि मग फसलो. कारण त्यांच्यावर लिहायचं तर एका हार्ड रॉक बँडच्या अल्बमवर लिहावं लागतं, आणि त्या कामाला आख्ख्या जिल्ह्यात माझ्याइतका नालायक माणूस सापडणार नाही. माझं संगीत म्हणजे भजनी मंडळात टाळ, तोही शेजारच्याचा हात बघून. मात्र एक अधिकार माझ्याजवळ आहे. हा अल्बम मी जितक्या वेळा ऐकला तितक्या वेळा तो काढणाऱ्यांनीही ऐकला नसेल. आणि त्यात स्वखुशीने एकदाही नाही.

भाऊजी भाजीपाला पिकवणाऱ्या घरातले. शेतकी शिकायला पुण्याला गेले ते बापाच्या मळ्यात सुधारणा करायच्या हेतूने, पण हाताला स्वस्थता नव्हती. गावात असताना गणपतीत ताशा बडवायचे, तिथं हॉस्टेलच्या मेसमधली टेबलं बडवू लागले. तिथंच त्यांना रॉनी भेटला. रॉनी गिटार वाजवायचा आणि गायचा. (गायचा हा शब्द मी आदराने वापरतो आहे. भाऊजींच्या वडिलांचा शब्द ‘बोंबलते’ असा होता.) आणखी दोघं मिळाली, चौघांनी बँड काढला, कोणाच्या तरी गॅरेजमध्ये ड्रम ठेवले. नाव काय ठेवायचं यावर महिनाभर भांडणं झाली आणि शेवटी भाऊजींनी सुचवलेलं नाव पक्कं झालं... ‘ड्राय वेल’. म्हणजे कोरडी विहीर. वऱ्हाडातला पोरगा दुसरं काय सुचवणार? पहिल्या आणि शेवटच्या कॅसेटचं नावही तेच होतं. भाऊजींनी मोठ्या हौसेने कॅसेट येणार असल्याची बातमी घरी सांगितली, नावाचा अर्थही सांगितला. वडील म्हणाले, ‘‘आपल्या विहिरीले बारा महिने पानी हाय, अन् हा लेकाचा पुन्यात जाऊन कोरडी विहीर म्हून राह्यला. काहून, दुसरं काई सापडलं नाई?’’ आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत म्हातारा त्याच विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरून खाली पडला. मांडीचं हाड मोडलं. गावात काही जणांनी या दोन गोष्टींचा संबंध लावला तो आजतागायत कोणी सोडवलेला नाही.

बातमी पुण्याला पोचली त्याच दिवशी भाऊजी रात्रीच्या बसने निघाले. पंधरा दिवसांत येतो, असं बँडला सांगून. म्हातारा पुन्हा चालला नाही. बँडने काही महिने वाट पाहिली, मग दुसरा ड्रमवाला पाहिला, मग तो बँडही विस्कटला. कॅसेट मात्र निघाली. थोडी विकली गेली, बरीच पडून राहिली. पुण्याच्या एका पेपरात तीन ओळी आल्या, त्यात लिहिलं होतं की या मुलांच्या वाजवण्यात जोर कमी आहे. हा कागद भाऊजींनी मला कधी दाखवला नाही, पण ती ओळ त्यांना पाठ होती.

सोयाबीनवाल्याला गाव सोडता येतं. पेरलं, फवारलं, की चार दिवस लग्नाला जा, देवाला जा, बायकोशी भांडून तिच्या माहेरी जाऊन बस. भाजीपाल्याचं तसं नाही. वांगी एक दिवस आड तोडावी लागतात, नाही तोडली तर जून होतात. टमाट्याचा तोडा चुकला की झाडाखाली चिखल. मेथी आज काढली तर भाजी, परवा काढली तर गुरांना. सकाळी अंधारात माल वाशिमच्या हर्रासीला, म्हणजे लिलावाला, पोचवायचा, परत येऊन पाणी द्यायचं, संध्याकाळी उद्याची तयारी. एक पीक संपायच्या आत दुसरं तोड्यावर आलेलं असतं, कारण तसं नियोजन करणारा तोच हुशार बागायतदार. भाऊजी शेतकी शिकलेले, म्हणजे अधिकच हुशार. त्यांनी इतकं चोख नियोजन केलं की वर्षातला एकही आठवडा रिकामा राहिला नाही. एकदा मला म्हणाले होते, ‘‘मास्तर, हे शिक्सन घेतलं नसतं ना, तं मी सुटलो असतो. अडानी असतो तं उन्हाळ्यात वावर खाली ठेवलं असतं.’’ मी हसलो. ते हसले नव्हते.

त्यांचं आणि ताईचं लग्न झालं ते याच धबडग्यात, दोन तोड्यांच्या मधे. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि पुण्याहून आलेला, केस मानेवर रुळणारा जावई म्हणजे काय चीज असेल याची मला फार उत्सुकता होती. मंडपात गुपचूप बसले होते. वाजंत्रीवाल्यांचा ताल चुकला की फक्त त्यांच्या गुडघ्यावरचं बोट थांबायचं. माझ्याकडे पाहून डोळा मारला त्यांनी. तिथून आमचं जमलं. साळ्या-भाटव्याचं, म्हणजे मेहुण्या-भाऊजींचं, नातं आमच्याकडे थट्टेचंच असतं. मी इंग्रजीचा शिक्षक झालो तेव्हा त्यांनी गावात पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, ‘‘आमच्या साळ्याले इंग्रजी येत नाई, पन शिकवाचे पैसे भेटतात.’’

भोंगा आला तो रोह्यांमुळे, म्हणजे नीलगायींमुळे. रोही आणि रानडुकरं आमच्या भागात पिकाची काय दशा करतात ते इथल्या वाचकांना सांगायला नको. सगळ्यांनीच बॅटरीवरचे भोंगे आणले होते. त्यात दुकानदार भरून देतो ते आवाज असतात, कुत्रं भुंकतं, वाघ गुरगुरतो, मधेच एक माणूस ‘हाऽऽ, हुर्रऽऽ’ करून ओरडतो. भाऊजींनी तो आवाज दोन दिवस ऐकला. तिसऱ्या दिवशी त्यातलं मेमरी कार्ड काढलं, वाशिमला नेऊन त्यात आपला अल्बम भरून आणला, आणि दिवस कलताना बटण दाबलं. पहिल्या गाण्याला रोह्यांचा कळप जो उधळला तो थेट नामदेवभाऊंच्या तुरीत. अल्बमवरचा गावातला पहिला जाहीर अभिप्राय दुसऱ्या दिवशी सकाळीच बांधावरून आला, ‘‘मधुकरराव, तुमच्या गान्यानं माही तूर खाल्ली!’’

आणि मग अभिप्राय येतच राहिले, कारण ऐकण्यातून सुटका कोणालाच नव्हती. संध्याकाळ झाली की अर्ध्या शिवारावर ‘ड्राय वेल’ कोसळायचं. शब्द कोणाला कळत नव्हते. मलाही कळत नव्हते, पण मी इंग्रजीचा मास्तर, मला तसं म्हणता येत नव्हतं. नामदेवभाऊंनी एकदा बांधावरच गाठलं, ‘‘गुर्जी, काय म्हून राह्यला तो एवढा?’’ मला त्या सगळ्या आरड्याओरड्यात ‘वॉटर’ एवढाच शब्द लागला होता. म्हटलं, ‘‘पाणी मागून राह्यला.’’ ते म्हणाले, ‘‘मंग द्या ना बाप्पा त्याले कोनी. कवापासून मागून राह्यला.’’ शेजारच्या आळीतल्या एका आजीबाईंचं मत असं की गाणं चांगलं असेल, पण कोणाला तरी मारत आहेत त्याला आधी सोडवा. भाऊजींना सगळ्यात आवडलेला अभिप्राय मात्र निंदायला, म्हणजे तण काढायला, येणाऱ्या बायांचा. त्या घोळक्याने येऊन म्हणाल्या, ‘‘भाऊ, दिवसा लावता तवा ते पाचवं नका लावत जाऊ. त्याच्यानं हात आपोआप भरभर चालते. ओळ लवकर निपटते, अन् तुमी दुसरी दाखवता.’’ भाऊजींनी पाचवं गाणं दिवसा लावणं बंद केलं, पण पुढे आठवडाभर भेटेल त्याला हेच सांगत होते. ‘‘जोर कमी हाय म्हने! यायले इचारा कमी हाय काय ते!’’

माझ्या मताची त्यांना फार गरज असायची, आणि ते द्यायला मी फार घाबरायचो. रविवारी ताईकडे गेलो की जेवण होताच मला शेडात नेऊन खाटेवर बसवत आणि स्वतः दाराच्या बाजूला बसत. दार म्हणजे टिनाचा एक तुकडा, पण त्यांची पाठ त्याला लागली की मी कोंडलो. ‘‘सांग मास्तर, दुसऱ्या गान्यात गिटार संपल्यावर जे येते, ते कसं वाटलं?’’ मी म्हणायचो छान. ‘‘छान म्हंजे काय? पोट्ट्यायले निबंधात एवढेच मार्क देतं काय?’’ मग मी ‘भारदस्त’ म्हणायचो, ‘दमदार’ म्हणायचो. एकदा शब्द संपले म्हणून ‘पौष्टिक’ म्हणालो. त्यावर दोघंही इतके हसलो की ताई धावत आली.

दुसऱ्या हंगामात रोह्यांना सवय झाली. पळेनात. बांधावर येऊन उभे राहू लागले, आणि सावकाश आत येऊन टमाटे खाऊ लागले. नुकसान मोठं होतं, पण भाऊजींच्या चेहऱ्यावर मी त्यावेळी जे पाहिलं ते दुःख नव्हतं. मला हाताला धरून बाहेर नेलं. ‘‘तो मोठा पाह्य. तिसरं लागलं का कान टवकारते.’’ मी म्हटलं, ‘‘भाऊजी, तो टमाटे बघतोय.’’ ‘‘टमाटे तं तो रोजच पाह्यते. कान आताच काहून टवकारले, सांग.’’ शेवटी ताई वैतागली आणि मळ्याभोवती झटक्याची तार आली. सौर पेटीवर चालणारी, हात लागला की खांद्यापर्यंत झिणझिण्या नेणारी. ताईने विचारलं, ‘‘अवो, तार लावली ना आता, मंग भोंगा कायले?’’ भाऊजी म्हणाले, ‘‘तारीचा भरोसा नाई.’’ पण तारीचा भरोसा पुरेपूर होता. त्यानंतर एकही रोही आत आला नाही. संध्याकाळी पाणी देऊन झाल्यावर भाऊजी तारेच्या अलीकडे उभे राहायचे आणि रोही पलीकडे. एकदा मला म्हणाले, ‘‘त्यायले बाहीर ठेवाले लावली, मास्तर. पन उभं राहून पाह्यलं ना, तं आत मीच कोंडेल वाटतो. ते पाहा कसे कुठीबी चालले...’’

मग काही वर्षांपूर्वी रॉनीने तो जुना अल्बम इंटरनेटवर टाकला, आणि जगातून कुठून कुठून लोक त्याखाली मतं लिहू लागले. भाऊजींना इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं यायचं, पण ती मतं स्वतः वाचायची त्यांची छाती होईना. म्हणून पुन्हा मी, पुन्हा खाट, पुन्हा दाराला पाठ. मी मोबाईल हातात धरून मोठ्याने वाचायचो आणि ते टिनाकडे बघत ऐकायचे. ब्राझीलचा कोणी लिहीत होता की गायक साधारण आहे. पोलंडची एक बाई म्हणत होती की गिटार जुन्या वळणाचं, पण मनापासून आहे. मग एकाने लिहिलं होतं, मी वाचलं, ‘‘हा अल्बम आठव्या गाण्यासाठी ऐका. त्यातला ड्रमवाला घराला आग लागल्यासारखा वाजवतो.’’ मी थांबलो. म्हटलं, ‘‘भाऊजी, यांचं काहीतरी चुकलंय. गाणी तर सातच आहेत.’’ इतक्या वर्षांत त्या भोंग्यातून मी सातच ऐकली होती. सातवं संपताना भाऊजी मळ्यात कुठेही असोत, चालत शेडात जायचे आणि मशीन बंद करायचे. गावात कोणालाच आठवं माहीत नव्हतं. ‘‘पुढचं वाच,’’ भाऊजी म्हणाले. पुढे बरीच मतं त्याच गाण्याबद्दल होती, असा वेग, अशी तहान, हा माणूस कशापासून पळतोय वगैरे. एकच मत वेगळं होतं. कोणीतरी रुक्षपणे लिहिलं होतं की आठव्या गाण्यात ताल हातचा सुटलेला आहे, ड्रमवाल्याला कसली तरी घाई आहे, हे पुन्हा रेकॉर्ड करायला हवं होतं. भाऊजी उठून उभे राहिले. ‘‘हा एकच कानवाला मानूस निंगाला,’’ म्हणाले.

तेव्हा त्यांनी मला सांगितलं. आठवं गाणं शेवटी रेकॉर्ड व्हायचं होतं. स्टुडिओच्या मालकाने मधेच येऊन निरोप दिला, गावाहून फोन होता, वडील विहिरीत पडले आहेत. जिवंत आहेत की नाही ते निरोपात नव्हतं. वाशिमकडची बस तासाभरात होती. रॉनी म्हणाला, तू जा, आम्ही थांबतो. भाऊजी म्हणाले, एकच तर राहिलं आहे, वाजवून जातो. आणि वाजवलं. डोळ्यांसमोर एकीकडे भिंतीवरचं घड्याळ, दुसरीकडे विहिरीच्या पायऱ्या. गाणं जसं पुढे गेलं तसा वेग वाढत गेला, बाकीचे तिघं मागे फरफटत आले. ‘‘लोकं म्हन्तात पळून राह्यला. मी बस पकडून राह्यलो होतो, मास्तर. ते गानं आयकलं का मले मीच दिसतो, पिशवी घेऊन इकडे येताना. जोरात येऊन राह्यलो... अन् त्याले म्हनावं वाटते, थांब ना बे. नीट वाजव. मंग जाय.’’ मग म्हणाले, ‘‘ते एक गानं मले पुन्हा वाजवाचं हाय. घाईबिगर. तेवढं झालं का मी मोकळा.’’

ते मोकळं होणं त्यांनी त्या दिवसापासून डोक्यात घेतलं. शेडात रिकामी कॅरेटं उलटी मांडून सराव सुरू झाला. तीन कॅरेटं, एक पत्र्याचा डबा, आणि फवारणी पंपाची जुनी टाकी. रॉनीशी फोन झाले. पुण्याला जायचं दोन-तीनदा ठरलं. एकदा फ्लॉवर एकदम तयार झाला, एकदा वांग्याचा भाव चढला आणि तोडा सोडणं जिवावर आलं, एकदा ताई तापाने आडवी झाली. ताई म्हणायची, ‘‘जा ना तुमी, मी पाहीन.’’ ते म्हणायचे, हो, या पिकानंतर. शेवटी रॉनीच म्हणाला, आम्हीच येतो.

हिवाळ्यात ते आले. रॉनी आणि एकजण, मोठी गाडी, मागे खोललेले ड्रम. रॉनीची दाढी पांढरी झालेली, कानात मात्र अजून बाळी होती. गाडीतून उतरताच ‘मॅडीऽऽ’ करून त्याने भाऊजींना उचललंच. नामदेवभाऊ माझ्या कानाशी लागले, ‘‘हा म्याडी कोन?’’ ताईने कांद्याची भजी तळली. त्या आठवड्यात वावराची लाईन, म्हणजे वीज, दिवसा असायची, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच शेडात सगळं जोडलं. खऱ्या ड्रमपुढे बसताना भाऊजींनी हात पँटीला पुसले, दोनदा. मला वाटलं होतं फार मोठा आवाज होईल. झालाही. पण काय वाजवलं हो त्यांनी! माझ्यासारख्या टाळकऱ्यालाही कळावं असं, प्रत्येक ठोका जिथल्या तिथे, वाफ्यात लावलेल्या रोपासारखा. सुरुवातीला जो वेग तोच शेवटी. घामाने निथळत त्यांनी काठ्या खाली ठेवल्या आणि सगळ्यांकडे पाहिलं.

‘‘मॅडी, एकदम टाइट,’’ रॉनी म्हणाला. त्याचा आवाज मात्र डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात तसा होता.

‘‘चांगलं हाय,’’ दारातून नामदेवभाऊ म्हणाले. ‘‘मनाले शांत वाटते. झोपच येऊ लागली.’’

भाऊजी माझ्याकडे वळले. ‘‘मास्तर, सांग. अन् पौष्टिक म्हनशीन तं मारीन.’’

रॉनीने मला आदल्या रात्री जेवताना जुनं आठवं ऐकवलं होतं. मी पहिल्यांदाच ऐकलं होतं ते, आणि घास हातात राहिला होता. मी म्हटलं, ‘‘भाऊजी, हे बरोबर आहे. पण यात कोणाला कुठं जायचंच नाही.’’

मग भाऊजी मान हलवत हसले, बराच वेळ. रॉनी म्हणाला, आणखी एकदा घेऊ. ते म्हणाले, ‘‘नको यार. जुनं राहू दे. मिटवू नको ते.’’ दुपारी जेवणं झाली, ड्रम परत गाडीत गेले. रॉनीने फार आग्रह केला, ‘‘चल, चार दिवस पुण्याला चल, असाच, काही न वाजवता.’’ ताईने आत जाऊन पिशवी भरायलाही घेतली. भाऊजी गाडीसोबत फाटकापर्यंत चालत गेले. झटका मशीन बंद केलं, प्लॅस्टिकच्या मुठीला धरून तार बाजूला केली, गाडी बाहेर जाऊ दिली. रॉनी काच खाली करून थांबला होता. भाऊजींनी तार पुन्हा ओढून आकड्यात अडकवली. आतून. मग मशीन सुरू केलं, आणि त्याची ती टिकटिक सुरू झाली.

मी शेजारी उभा होतो. मला म्हणाले, ‘‘एवढे वर्स मले वाटे, ते गानं मी बिघडवून आलो, म्हून कवातरी परत जाच लागंन. आता पाह्य... बिघडलंच नोतं. मंग जाऊ कायले?’’ एवढं बोलून पाणी वळवायला निघून गेले. त्या संध्याकाळीही भोंगा लागला आणि सातव्याला बंद झाला. पुढेही तसाच होत राहिला, नामदेवभाऊंच्या त्या फोनपर्यंत.

तेरवी झाल्यावर प्रश्न ताईचा होता. भाची पुण्यात नोकरी करते, ती म्हणाली आई, मळा बटईने कसायला दे आणि माझ्याकडे चल. मी म्हटलं निदान वाशिमला चल. ताई प्रत्येकाला हो म्हणायची आणि सकाळी मेथी काढायला जायची. मागच्या रविवारी मी जरा चिडूनच गेलो होतो. ‘‘चल, पिशवी भर,’’ म्हटलं. ती म्हणाली, ‘‘परवा वांग्याचा तोडा हाय.’’ माझं डोकं फिरलं. ‘‘ते या तारेच्या आत कोंडून गेले, आता तू? तुला कोणी डांबून ठेवलंय का?’’ माझा आवाज चढला होता. ताईने शांतपणे माझ्या हातात मेथीची जुडी दिली, निवडायला. दिवस कलला तशी उठली, शेडात गेली आणि भोंगा लावला. मी ओट्यावर मेथी निवडत बसलो. पहिलं, दुसरं, तिसरं... पलीकडून नामदेवभाऊंनी हात वर केला. सातवं संपताच ताईने मशीन बंद केलं. मला वाटलं, झालं, तीच सवय, तीच तार. त्यांची जागा हिने घेतली.

ती घरात आली, चुलीवर चहाचं आधण ठेवलं, आणि फळीवर मोबाईल उभा करून बोटाने काहीतरी लावलं. आवाज अगदी बारीक. आठवं होतं.

‘‘हे तर ते कधी लावू देत नव्हते,’’ मी म्हणालो.

‘‘बाहीर कुठी लावतो मी? घरात लावतो.’’ ती पत्ती टाकत होती. ‘‘भोंगा बंद झाला का मी रोज चहा मांडो. हात-पाय धुऊन ते घरी येईपर्यंत चहा होऊन जाये. तेवढ्यातच बसते पाह्य हे गानं. आता ती वेळ जात नाई, म्हून लावतो.’’

‘‘ताई, या गाण्याचा त्यांना फार त्रास होता. तुला सांगितलं नाही का त्यांनी?’’

‘‘सांगतलं ना. कितीकदा.’’ ती माझ्याकडे न पाहता म्हणाली. ‘‘त्यायले वाटे, त्या दिवशी पुनं सुटलं. पन यात ते कुठी निंगाले आहेत, सांग बरं?’’

मी कान देऊन ऐकलं.

‘‘इकडेच ना? मी तवा इथं नोती आली. तरी इकडेच. मंग मी कायले पुन्याले जाऊ?’’

गाणं जिथं वेग घेतं तिथं आलं होतं. बाकीचे मागे पडत होते, ठोके एकमेकांवर चढत होते, आणि चहाला उकळी येत होती. ताईने जाळ कमी केला. शेवटचा ठोका पडला. त्याच्या मागोमाग त्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये काठ्या खाली टाकल्याचा आवाज आला, भरभर जाणारी पावलं, आणि एक दार लागलं. ताईने फळीवरून गाळणं उचललं.